देवमासा, नग एक

भिवंडीजवळ पूर्णा गावच्या गोडाऊनमध्ये मी अकरा वर्षं डिस्पॅचला होतो आणि त्या काळात जेवढ्या सह्या केल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त माल न बघता केल्या. हे मी अभिमानानं सांगत नाही, पण फार शरमेनंही नाही. भिवंडीत सगळेच तसं करतात. ट्रक दाराला लागलेला असतो, मागे आणखी चार जण हॉर्न वाजवत असतात, ड्रायव्हर कागद नाकासमोर धरून 'साइन मारो ना भाई' म्हणतो, आणि आपण मारतो. खोक्यात पंखे आहेत की विटा, हे ज्याचं त्यानं घरी जाऊन बघावं. त्या सह्यांपैकी एकीनं मात्र मला अजून सोडलेलं नाही. ती मी एका देवमाशाच्या पोचेवर केली होती.

माल मिळाला असं लिहून द्यायच्या कागदाला आमच्याकडे पोच म्हणतात. देवमाशाची पोच करायची कल्पना अर्थातच माझी नव्हे. ती आमच्या मालकांची.

हमाल मालकांना 'शेठ' म्हणत, गाव पाठीमागे 'देवमासा' म्हणे आणि मी दादा म्हणायचो. खाडीकाठचं आगरी घराणं. भाताची खाचरं गेली, तिथं पत्र्याची गोडाऊनं उभी राहिली. त्यातली तीन भाड्यानं दिलेली आणि चौथं दादा स्वतः चालवत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात करंगळीएवढी जाड चेन आणि पाय अनवाणी. "चप्पल घातली का जमीन आपली वाटत न्हाय," म्हणायचे. त्या जमिनीवर आता वीतभर काँक्रीट होतं, तरी.

नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "पवता येते?"

मी भिवंडीच्या ब्राह्मण आळीतला. वडील शाळेत कारकून. आमच्या घराचा पाण्याशी संबंध बादलीपुरता. पण नोकरी हवी होती, शिवाय 'हो' हा शब्द माझ्या तोंडात कायम तयार बसलेला असतो. "हो," मी म्हटलं. गोडाऊनमध्ये पोहायचं कुठे, हा विचार बसमध्ये बसल्यावर सुचला.

उत्तर दोन-अडीच वर्षांनी मिळालं. अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांजवळ कुणीतरी रिसॉर्ट काढणार होतं. त्यांच्या तळ्यासाठी सहा कयाक आमच्याकडे येऊन पडल्या होत्या. लांबुळक्या, पिवळ्या प्लास्टिकच्या, दोन माणसं पुढे-मागे बसतील अशा होड्या. रिसॉर्ट काही उघडलं नाही आणि माल न्यायला कुणी आलं नाही. दोन पावसाळे त्या टायरच्या थप्पीमागे पडून राहिल्या. मग एका रविवारी दादांनी मला बोलावून घेतलं, एका कयाकचं वेष्टण टराटरा फाडलं आणि म्हणाले, "चल सायेब. आज ड्युटी खाडीवर."

मी कयाकमध्ये उलटा बसलो. म्हणजे मागे बसलेल्या दादांकडे तोंड करून. मालकांकडे पाठ करून बसणं बरं दिसत नाही, असं मला वाटलं होतं. दादांनी वल्हं मांडीवर ठेवलं.

"लगीन लावाचा हाय का आपला? तिकडं फिर."

मी फिरलो, आणि माझ्याबरोबर होडीही फिरली. ओहोटी होती म्हणून वाचलो. कमरेएवढा चिखल, त्यात मी आणि माझा चष्मा.

"पवता येते म्हनलास ना?"

"लहानपणी येत होतं, दादा."

"ते काय दुधाचे दात हायेत, पडून जायाला?"

त्या दिवशी मी एका हमालाची लुंगी नेसून संध्याकाळपर्यंत गाड्या सोडल्या. दादांनी नोकरीवरून काढलं नाही. पुढच्या रविवारी फक्त एक लाईफ जॅकेट माझ्या टेबलावर ठेवलं, आणि त्यानंतर सात वर्षं माझे रविवार खाडीत गेले. माझी बायको याबद्दल जे म्हणे ते इथे लिहीत नाही.

दादा रस्त्यावर मोटारसायकल बिनहेल्मेटची चालवत आणि कयाकमध्ये हेल्मेट घालत. कारण विचारलं तर म्हणाले, "रस्त्यावर कोन कुठून येते मना म्हाईत हाय. पान्यात न्हाय." होडीला ते 'होरी' म्हणायचे, आणि होरीला इंजिन लावणाऱ्याला माणूस म्हणायचे नाहीत. पाण्यावर बोलायचं नाही हा दुसरा नियम. काही दिसलं की पुढच्यानं वल्हं आडवं उचलायचं, मागच्यानं ते पुढच्याच्या पाठीला टेकवायचं, दुसऱ्यानं मान वळवायची, बस्स. आमच्या खाडीचं पाणी वर रंगाच्या कारखान्यांत जे चाललं असेल त्या रंगाचं असतं, कधी जांभळट, कधी विटकरी. त्यातून प्लास्टिक बाजूला सारत दादा असे जायचे की जणू देवळात चाललेत. आणि तिथे खरंच सगळं होतं. तिवरांच्या मुळांतून चिखलावर पळणाऱ्या निवट्या, लाल नांगीच्या चिंबोऱ्या, खंड्या, थंडीत रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा, आणि एकदा तर भर सकाळी चिखलात चिंबोरी उकरणारा कोल्हा, ज्याच्यामागे दोनशे फुटांवर आमच्या गोडाऊनचा पत्रा चमकत होता.

काठावर आलो की दादा टेम्पोच्या बॉनेटवर पोचपुस्तक उघडायचे, तेच आमचं कार्बनवालं. 'कोल्हा, नग एक. खंड्या, नग दोन. निवट्या, अंदाजे.' खाली त्यांची सही, तिच्याखाली माझी. मी बघितलं नसेल ते सरळ काट. एकदा त्यांना ऊद दिसला. आमच्या खाडीत पाणमांजर, म्हणजे लॉटरीच. मी त्याच वेळी वल्ह्याला गुंडाळलेली दुधाची पिशवी सोडवत होतो. काठावर त्यांनी 'ऊद, नग एक' असं लिहिलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या हातानं खोडलं. 

"पण तुम्हाला दिसला ना, दादा?"

"एकानं बगीतल्या त्या गप्पा. दोगांनी बगीतली ती खबर."

हे कुठून आलं ते मला चिखलात बसून कळलं. भरतीची वेळ मोबाईलवर बघायचं काम माझं होतं, आणि मी आदल्या दिवशीची बघितली. तिवरांच्या एका चिंचोळ्या फाट्यात खालचं पाणी निघून गेलं आणि होडी चिखलावर बसली. चार तास. पाणीच नव्हतं, त्यामुळे पाण्यावर न बोलायचा नियमही नव्हता.

दादा नऊ वर्षांचे होते तेव्हा वडिलांबरोबर रेतीच्या होडीवर जात. एका सकाळी भाईंदरच्या पुढे, खाडी समुद्राला मिळते तिथे, त्यांना देवमासा दिसला. बा आणि हे, दोघंच. घरी यायला उशीर झाला, का म्हणून थोरल्या भावानं विचारलं, तेव्हा यांनी देवमासा सांगितला. भावानं बाला विचारलं. बा काही बोललाच नाही. जेवला आणि झोपला. दोन महिन्यांनी तापानं गेला. दहाव्याला माणसं बसलेली असताना यांनी पुन्हा देवमाशाचं काढलं, तेव्हा भावानं सगळ्यांदेखत मुस्काटात मारली. बा मेला आणि हा गप्पा करतोय. त्या दिवशी गावानं 'देवमासा' नाव ठेवलं ते साठ वर्षं टिकलं. भाऊ शेजारच्याच घरात राहत होते. दोघं लग्नकार्यात आणि जमिनीच्या कागदांपुरतं बोलत.

"त्यानं एकदा म्हनावा, तुझा खरा होता," दादा चिखलाकडे बघत म्हणाले. "त्याला मी सांगून उपेग न्हाय. दुसरा कोनतरी पायजे, ज्यानं माझ्यासंग बगीतलाय."

यावर मी काय बोललो ते सांगायलाच हवं. मी म्हटलं, "पण दादा, खाडीच्या तोंडाला खोली किती? एवढा मोठा मासा येईल कसा?"

दादांनी हेल्मेट घातलं आणि भरती येईपर्यंत काढलं नाही.

दोन वर्षांनी दादांना कुणीतरी सांगितलं की कोकणात खाली देवमासे किनाऱ्याजवळ दिसताहेत. टेम्पोत कयाक चढली. यूपीतल्या बस्तीकडचा रईस आमचा ड्रायव्हर, तो रस्ताभर विचारत होता, "शेठ, मछली ही देखनी है तो कल्याण का मार्केट क्या बुरा है?" मालवणच्या खाली एका गावी उतरलो. तिथला होडीवाला म्हणाला, "गेल्या आठवड्यात दिसललो. पण तो काय टायम देवन येता?" त्याची इंजिनाची होडी दादांनी नाकारली. तरी तो शहाणा माणूस रोज आमच्यापासून लांब आपली होडी घेऊन थांबे. बहुतेक माझं तोंड बघून.

दोन दिवस डॉल्फिन दिसले, एक कासव दिसलं. तिसऱ्या सकाळी घरमालकिणीनं घावणे केले होते आणि मी सहा खाल्ले. समुद्रावर लाटा मोठ्या नव्हत्या, लांब होत्या. होडी सावकाश वर जायची, सावकाश खाली यायची. मी उजवीकडे वाकून सहाच्या सहा घावणे अरबी समुद्राला परत करत होतो, तेवढ्यात मागून वल्ह्याचं टोक माझ्या पाठीला लागलं. एकदा. मग पुन्हा. मी तोंड पुसलं, डोळे पुसले, चष्मा बसवला आणि डावीकडे वळून बघितलं. तिथे समुद्र होता. पाण्यावर एक गुळगुळीत चट्टा, तव्यावर तेल पसरावं तसा, आणि वर दोन पक्षी.

"बगीतलास?" दादा कुजबुजले.

मी मागे वळलो. दादांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतं. सत्तरीचा माणूस, पण चेहरा असा की मला बघवेना. नाही म्हणायला किती वेळ लागतो? तेवढाच लागतो, जेवढा हो म्हणायला.

"हो," मी म्हटलं.

परत येताना त्यांनी मला वल्हं मारू दिलं नाही. किनाऱ्यावर त्यांनी पोचपुस्तक उघडलं, पेन माझ्याकडे दिलं आणि मजकूर मला लिहायला लावला. 'देवमासा, नग एक.' पुढच्या रकान्यात मालाची स्थिती लिहायची असते. मी सवयीनं 'सुस्थितीत' लिहिलं. त्यांनी सही केली. मी तिच्याखाली केली, माल न बघता.

ती पोच फ्रेम करून गोडाऊनच्या ऑफिसात लागली, गणपतीच्या शेजारी. दादा बदलले. हमालांशी चेष्टा करू लागले. दुसऱ्या महिन्यात गोडाऊनचा सत्यनारायण असतो, त्याला त्यांनी सगळं गाव जेवायला बोलावलं, आणि वर्षानुवर्षं न येणारा भाऊही काठी टेकत आला. जेवणं झाल्यावर दादांनी मला मध्ये उभं केलं.

"भाऊ, ह्यो माझ्यासंग होता. मी काय बोलत न्हाय. ह्याला विचार."

भाऊंनी मला वरून खाली बघितलं. "सांग रं. बामनाचा हायस, सत्यनारायन समोर हाय."

मी बेतानंच सुरुवात केली. लाटा, पक्षी, तो तेलकट चट्टा. हे सगळं खरं होतं. इतक्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण समोर चाळीस माणसं गप्प बसून ऐकत होती, आणि मला आयुष्यात घरी-दारी कुणी सलग ऐकून घेतलेलं नाही. माझा ताबा सुटला. मोबाईलवर बघितलेले व्हिडिओ आठवले आणि मी माशाचं शेपूट पाण्याबाहेर काढलं. गोडाऊनच्या शटरएवढं शेपूट, आभाळात उभं, दोन्ही टोकांवरून पाणी गळतंय, आणि मग असं सावकाश, असं, आत गेलं. मी दोन्ही हातांनी करून दाखवलं. मागे कुणीतरी "आयला" म्हणालं.

भाऊ उठले. काठी खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. दादांच्या गळ्यात पडले आणि म्हातारा माणूस रडतो तसे, आवाज न करता, रडले. "साठ वरसं तुना खोटा म्हनलो रं," म्हणाले. "बाच्या दहाव्याला तुना मारला मी."

भावाच्या खांद्यावरून दादा माझ्याकडे बघत होते. भावाच्या पाठीवर त्यांचा हात होता, पण तो हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो तर गणपतीशेजारी नुसता खिळा होता. दादा खुर्चीत बसून चहा पीत होते.

"शेपूट काढला न्हवता त्यानं," ते म्हणाले. नुसती पाठ वर आली, एकदा, आणि गेली, असं पुढे त्यांनीच बशीत बघत सांगितलं. मग म्हणाले, "दापोड्याची गाडी लागली काय?"

 मला रागावले असते तर बरं झालं असतं. भावाला खरं सांगावं तर साठ वर्षांनी मिळालेलं हातचं जाणार. न सांगावं तर भाऊ माझ्या शेपटावर विश्वास ठेवून होता, दादांच्या माशावर नाही. भाऊ तर आता गावभर तेच सांगत फिरत. पारावर, लग्नात, पंचायतीत. शेपूट दर महिन्याला वाढत होतं. दादा शेजारी बसून ऐकत आणि लोकांनी मान डोलावली की स्वतःही डोलावत. रविवारी आता ते एकटेच जात. टायरच्या थप्पीमागची एक कयाक मला सोमवारी ओली दिसे. पोचपुस्तकात काही नसे.

मी वर्षभर तग धरला आणि मग दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये नोकरी धरली. तिथे मी प्रत्येक खोकं उघडून बघायचो. दोन महिन्यांत मालक म्हणाला, गाड्या अडकतात, जरा हात उचला.

तिथे एक दिवस रईस आला. माल द्यायला आला होता, पण कागद पुढे केला नाही. "शेठ को लकवा मार गया," म्हणाला. "आपको याद करते हैं, ऐसा मैं नहीं बोलूँगा. लेकिन हो आओ."

दादांच्या घरी गेलो तेव्हा खाटेजवळ भाऊ बसले होते आणि भेटायला आलेल्या दोघातिघांना देवमासा सांगत होते. मला बघून ते खूश झाले. "ह्यो बगा, ह्यो होता तिथं. सांग रं, केवढा होता शेपूट?" मी काहीतरी हात केले. दादांनी डोळे मिटले होते. उजवी बाजू गेली होती, तोंड जरा वाकडं झालं होतं. काही वेळानं माणसं गेली, भाऊ जेवायला शेजारी गेले, दादांच्या मंडळी, काकी, चहाला आत गेल्या.

 

"दादा, त्या दिवशी मला काही दिसलं नव्हतं. मी ओकत होतो."

"म्हाईत हाय." शब्द जड येत होते, एकेक ओढून काढल्यासारखे.

"मी भाऊंना सांगू का?"

त्यांनी डावा हात थोडा हलवला. नको. "त्याला बरा वाटते," म्हणाले. "ऱ्हाऊं दे."

  नऊ वर्षांच्या पोराला भावानं विचारलं होतं, खोटं कशाला बोलतोस. गावानं साठ वर्षं विचारलं, खरंच का. मी चिखलात बसून खोली विचारली होती. एवढ्या सगळ्यांत एक प्रश्न कुणीच विचारलेला नव्हता, आणि तो मला, इतकी वर्षं त्यांच्या पुढ्यात बसून वल्हं मारणाऱ्याला, तेव्हा कुठे सुचला.

"दादा, कसा होता?"

त्यांनी डोळे उघडले. मी चेष्टा करतोय का, हे माझ्या तोंडावर तपासून बघितलं.

"कंचा?"

"पहिला. खाडीच्या तोंडावरचा."

काकी चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. दादा बोलायला लागले. एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत इतका वेळ जायचा की वाटे, संपलं. मी मध्ये बोललो नाही.

"आधी वास आला," म्हणाले. "सडक्या मासलीचा. मंग पानी गप झाला. होरीच्या बाजूला... असा... वर आला. काला न्हवता. राखेसारका. त्याचा डोला दिसला मना. बारीक. म्हशीचा असते तसा. मना भ्या न्हाय वाटला."

 काकींनी पुढे येऊन चहा माझ्या हातात दिला आणि त्यांच्या गालावर आलेली लाळ पदरानं पुसली.

"बाला वाटला," म्हणाले. "बानं माझा हात धरला. कवा धरत न्हवता कोनाचा. मासा गेला तरी सोडला न्हाय. वल्हा एका हातानं मारला त्यानं, घर येईस्तवर."

 मी कप खाली ठेवला.

"म्हनून उशीर झाला यायला," दादा म्हणाले.